गाडी आपली, मग तिचं सर्व्हिस मॅन्युअल आपल्याला का नाही?

आपल्याकडे कुणाला सांगितलं की मी गाडीचं ऑइल घरीच बदलतो, तर समोरून दोनच प्रश्न येतात, किती पैसे वाचतात आणि वॉरंटी जात नाही का. तिसरा प्रश्न कुणी तोंडानं विचारत नाही पण चेहऱ्यावर दिसतो, की चांगली नोकरी असताना हात काळे करायचे उद्योग कशाला. मला तिन्हीवर बोलायचंय, पण त्याहून जास्त त्यांच्या मागे जो विषय आहे त्यावर बोलायचंय. आठ-दहा लाख मोजून आपण जी वस्तू घेतो, जिची आरसी आपल्या नावावर, कर्ज आपल्या डोक्यावर, इन्शुरन्स आपण भरायचा, पीयूसी आपण काढायची, ती वस्तू उघडून बघायचा, समजून घ्यायचा आणि जमेल तेवढी दुरुस्त करायचा हक्क आपला आहे की नाही? माझ्या मते आहे, आणि तो नुसता गप्पांमध्ये असून भागणार नाही, दुरुस्तीची माहिती कंपनीनं मालकाला दिलीच पाहिजे असा कायदा आपल्याकडे हवा.

पैशाचं आधी उरकतो. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल लागतं, एक ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा एक वॉशर, आणि ज्याला हात बसलाय त्याला तासाभराचं काम. एअर फिल्टर बदलायला तर बऱ्याच गाड्यांमध्ये पानासुद्धा लागत नाही, क्लिपा काढायच्या, जुना उचलायचा, नवा ठेवायचा. एसीचा केबिन फिल्टर बहुतेक वेळा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, दोन्ही बाजू आत दाबल्या की बॉक्स खाली येतो आणि फिल्टर समोर. वायपरची रबरं, हेडलाइटचे बल्ब, बॅटरीच्या टर्मिनलवर साठलेली ती पांढरी-हिरवट पावडर, कूलंटची लेव्हल, हे सगळं ज्याला स्क्रू ड्रायव्हर धरता येतो त्याला येतं. पैसे वाचतात, पण मी म्हणेन की पैसे हे त्यातलं सगळ्यात किरकोळ कारण आहे. ज्यानं स्वतःच्या गाडीचा एअर फिल्टर एकदा तरी उजेडात धरून बघितलाय त्याला फोनवरून 'सर फिल्टर पूर्ण चोक झालाय' असं सांगून पटवता येत नाही. सर्व्हिसचं बिल कधी नीट वाचलंय का? इंजिन फ्लशिंग, इंजिन ड्रेसिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, यातलं काय आपल्या गाडीला या वेळी खरंच लागत होतं आणि काय सर्व्हिस अॅडव्हायझरच्या महिन्याच्या टार्गेटला लागत होतं हे आपल्याला कळत नाही. कळत नाही म्हणून आपण हो म्हणतो. तो अॅडव्हायझर माणूस म्हणून वाईट असतो असं अजिबात नाही, त्याच्यावर वरून प्रेशर असतं, पण त्याचं टार्गेट आणि माझं अज्ञान यांची गाठ पडली की खिसा माझाच रिकामा होणार.

आता वॉरंटी, कारण सगळ्यात मोठा बागुलबुवा हाच आहे. 'बाहेर हात लावलात तर वॉरंटी व्हॉइड' हे वाक्य आपल्याकडे इतक्या लोकांनी इतक्या वेळा ऐकलंय की ते कायद्यातच लिहिलेलं असणार असं वाटायला लागतं. म्हणून ही गोष्ट प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवी. २०११ मध्ये एका ग्राहकानं भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे ज्याला सीसीआय म्हणतात तिकडे, तक्रार केली की कंपन्या अस्सल स्पेअर पार्ट आणि गाडी तपासायची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळूच देत नाहीत. तक्रार सुरुवातीला होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट या तिघांवर होती, पण चौकशी करता करता लक्षात आलं की ही सगळ्या धंद्याचीच रीत आहे, म्हणून इतर कंपन्याही त्यात आल्या. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगानं निकाल दिला, १४ कंपन्यांना मिळून २५४४.६४ कोटींचा दंड. मारुती, टाटा, महिंद्रा, टोयोटा, फोर्ड, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, सगळे त्यात होते. दंडाचा आकडा त्या वेळी पेपरात गाजला, पण मला दंडापेक्षा त्या निकालातले आदेश महत्त्वाचे वाटतात. आयोगानं म्हटलं की पार्ट खुल्या बाजारात मिळाले पाहिजेत, जो कारखाना कंपनीला पार्ट पुरवतो त्याला तोच पार्ट बाहेर विकायची मुभा पाहिजे, बाहेरच्या गॅरेजला तपासणीची साधनं मिळाली पाहिजेत, आणि मालकानं बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल.

परत वाचा ते. तेवढ्यापुरतीच. म्हणजे मी वायपर बदलला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जाऊ नये, मी केबिन फिल्टर बदलला म्हणून पॉवर विंडोची मोटर नाकारू नये. किती साधी आणि न्याय्य गोष्ट आहे. आणि तरीही आज तुम्ही कुठल्याही शोरूमच्या बाहेर उभं राहून दहा मालकांना विचारा, त्यांना हा निकाल माहीत आहे का. कंपन्या अपिलात गेल्या, कोर्टात गेल्या, प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं, आणि मधल्या काळात तीच जुनी भीती काउंटरवरून काउंटरवर फिरत राहिली. अमेरिकेत यासाठी १९७५ पासून संसदेनं केलेला कायदा आहे, मॅग्नुसन-मॉस नावाचा, त्यात म्हटलंय की अमुक ब्रँडचाच पार्ट वापरला पाहिजे अशी अट घालून वॉरंटी बांधता येणार नाही, तसं हवं असेल तर तो पार्ट फुकट द्या. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक वस्तू घेताना दुसरी घ्यायची सक्ती करण्याविरुद्ध तरतूद आहे, पण ती इतकी मोघम आहे की शनिवारी सकाळी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला तिचा काही उपयोग होत नाही. त्याला एका ओळीचा स्पष्ट नियम हवा, छापील, भिंतीवर लावलेला.

पण खरा मुद्दा वॉरंटीच्याही पुढचा आहे. समजा वॉरंटी संपली, पाच-सात वर्षं झाली, आता तर गाडी शंभर टक्के माझी. तरी मला ती दुरुस्त करायची माहिती मिळत नाही. गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं ते ओनर्स मॅन्युअल, त्यात टायरची हवा किती, ऑइलचा ग्रेड कुठला, सीट कशी पुढे-मागे करायची, आणि बाकी जवळपास प्रत्येक पानावर 'अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा'. खरं पुस्तक वेगळं असतं, सर्व्हिस मॅन्युअल, ज्यात कुठला बोल्ट किती टॉर्कनं, म्हणजे किती पिळाच्या जोरानं आवळायचा, ब्रेक डिस्क किती पातळ झाली की बदलायची, कुठली वायर कुठून कुठे जाते, कुठल्या सेन्सरचं व्होल्टेज किती यायला हवं, हे सगळं असतं. ते पुस्तक सर्व्हिस सेंटरकडे असतं. मालकाकडे नसतं.

आणि इथेच मला सुरक्षेच्या नावाखाली चाललेला सगळा युक्तिवाद उलटा वाटतो. कंपन्या म्हणतात, हौशी लोकांनी घरी काम केलं तर अपघात होतील. ठीक आहे, धोका आहेच, मी नाकारत नाही. पण धोका नेमका कशातून येतो ते बघा. आजकाल बऱ्याच इंजिनांची ऑइल सम्प, म्हणजे खालची ऑइल साठायची टाकी, अॅल्युमिनियमची असते, ड्रेन बोल्ट अंदाजानं जास्त आवळला की आटे जातात, कमी आवळला की ऑइल गळतं आणि हायवेवर इंजिन जाम होतं. बरोबर आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेला आहे. चाकाचे नट किती आवळायचे, ब्रेक कॅलिपरचा बोल्ट किती, स्पार्क प्लग किती, प्रत्येकाला आकडा आहे आणि तेवढाच जोर लावणारा पाना, टॉर्क रेंच, आता ऑनलाइन सहज मिळतो. मग जो माणूस घरी काम करणारच आहे, आणि आपल्या देशात लाखो लोक करतातच, स्कूटरपासून ट्रॅक्टरपर्यंत, त्याच्यापासून तो आकडा दडवल्यानं सुरक्षा वाढते की घटते? जो अंदाजानं काम करतो तो धोकादायक, आणि त्याला अंदाजावर कुणी ठेवलंय तर ज्यानं पुस्तक कपाटात बंद केलं त्यानं.

दुरुस्ती आणि मॉडिफिकेशन यांच्यातही लोक मुद्दाम गल्लत करतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करायला मनाई आहे, आणि ती असायलाच हवी, लोक सायलेन्सर कापतात, डोळे दिपवणारे हेडलाइट लावतात, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण घरी दुरुस्ती करणारा माणूस नेमका उलटं काम करत असतो, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी परत आणायचा त्याचा प्रयत्न असतो. या दोघांना एकाच काठीनं हाकणं अन्याय आहे.

आपल्या लोकांनी हे आधी केलेलं नाही असंही नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनायची, अॅम्बॅसॅडर होती, १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली, ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर. त्या काळातल्या गाडीवाल्यांपैकी कितीतरी जणांना प्लग काढून तो पॉलिश पेपरनं घासून फिलर गेजनं गॅप लावता यायची, कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ करता यायचा, फॅन बेल्ट तुटला तर रस्त्यात बदलता यायचा. घाटात गाडी गरम झाली तर बॉनेट उघडून काय बघायचं हे घरातल्या दोघा-तिघांना माहीत असायचं. ते काही इंजिनिअर नव्हते, बँकेत, शाळेत, एसटीत नोकरी करणारी माणसं होती. मग इलेक्ट्रॉनिक्स आलं, कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारं एमपीएफआय आलं, प्रदूषणाचे बीएस-फोर, बीएस-सिक्स हे नियम आले, आणि ते आलं ते चांगलंच झालं, शहराची हवा बघता त्याबद्दल कुणी तक्रार करू नये, मी तर अजिबात करणार नाही. पण हवा स्वच्छ ठेवायला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, लागतो म्हणून त्या ईसीयूची किल्ली एकट्या कंपनीच्या खिशात राहिली पाहिजे, हे त्यातून कुठे निघतं?

उलट तांत्रिक दृष्ट्या तर घरी निदान करणं सोपं झालंय. आपल्याकडे २०१३ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना ओबीडी-टू, म्हणजे गाडीनं स्वतःच बिघाड ओळखून कोड द्यायची व्यवस्था, आलं, स्टिअरिंगच्या खाली एक सोळा पिनचं सॉकेट असतं बघा, त्यात छोटा ब्लूटूथ डोंगल लावायचा, मोबाइलवर अॅप, आणि चेक इंजिनचा दिवा का लागलाय त्याचा कोड समोर. पी०३०१ आला तर पहिल्या सिलेंडरला मिसफायर, म्हणजे तिथलं इंधन नीट पेटत नाही, मग पहिल्याची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर लावून बघायची, कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली, तिथेच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टरकडे बघायचं. किती सुंदर तर्क आहे हा, शाळेतल्या मुलाला समजेल असा. पण हे प्रदूषणाशी संबंधित ठरावीक कोडपुरतंच. त्यापुढे गेलं की दारं बंद. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर आधी त्या मोटरला सर्व्हिस मोडमध्ये मागे घ्यायला लागतं, ते साध्या डोंगलनं बहुतेक होत नाही. डिझेलचा इंजेक्टर बदलला तर त्याचा कोड ईसीयूत भरावा लागतो. दुसरी चावी प्रोग्राम करायची तर कंपनीची सिस्टिम. म्हणजे पार्ट माझ्या हातात, पाना माझ्या हातात, काम मला येतंय, आणि गाडी म्हणते परवानगी आणा.

बाहेरच्या जगात हे प्रश्न सुटलेत, निदान सुटायला लागलेत. अमेरिकेत मॅसेच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी थेट मतदान केलं, गाडी दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजला मिळालीच पाहिजेत म्हणून, आणि सुमारे ८६ टक्के लोकांनी हो म्हटलं. पुढे २०१४ मध्ये कंपन्यांनी सगळ्या देशासाठी तसा करार केला. २०२० मध्ये त्याच राज्यात गाडी वायरलेसनं कंपनीला जो डेटा पाठवते त्यावरही परत मतदान झालं आणि तेही मंजूर झालं. युरोपात तर कंपन्यांना आपली दुरुस्तीची माहिती वेबसाइटवर ठेवावीच लागते, तासाच्या किंवा दिवसाच्या हिशेबानं पैसे भरा, वायरिंग डायग्रॅम डाउनलोड करा. यातल्या बऱ्याच कंपन्या त्याच आहेत ज्या आपल्याकडे चाकणमध्ये, बिदादीत, मानेसरमध्ये गाड्या बनवतात. तिकडे कायदा आहे म्हणून देतात. आपल्यातले जे लोक न्यू जर्सी-कॅलिफोर्नियात राहतात त्यांना विचारा, ड्राइव्हवेमध्ये गाडीखाली झोपलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर ही तिकडे रोजची गोष्ट आहे, पार्टच्या दुकानातून डिपॉझिट भरून महागडं टूल नेता येतं आणि काम झाल्यावर परत करता येतं, जुनं ऑइलही त्याच दुकानात नेऊन देता येतं. तोच माणूस पुण्यात परत आला की त्याला काचेच्या पलीकडे कॉफीचा कप हातात घेऊन बसायला लागतं आणि आत आपल्या गाडीचं काय चाललंय ते टीव्हीवर बघायला लागतं.

आपल्या सरकारनं काही केलं नाही असं म्हणणं चुकीचं होईल. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग घेतले, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टलही सुरू केलं. पाऊल योग्य दिशेनं पडलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, कंपनीनं तिथे काय ठेवायचं ते बरंचसं कंपनीच्या मर्जीवर. ओनर्स मॅन्युअल आणि कस्टमर केअरचा नंबर टाकला की झालं अशी वृत्ती असेल तर त्या पोर्टलचा मला उपयोग शून्य, तो नंबर माझ्याकडे आधीच आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती मी मनापासून मांडतो. घरी सगळं करू नये. गाडी नुसत्या जॅकवर चढवून तिच्याखाली कधीही, कधीही जाऊ नका, पाच मिनिटांचं काम असलं तरी. गाडीच्या डिकीतला जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता असतो. खाली जायचं तर सपाट पक्की जमीन, चाकाला दगड किंवा ठोकळा, हँडब्रेक, आणि दोन्ही बाजूंना जॅक स्टँड, म्हणजे गाडीचा भार पेलणारे आधार, त्यावर गाडी बसल्यावर हलवून बघायची. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्यानं या भानगडीत पडू नये, प्रामाणिकपणे सांगतो. एअरबॅगचे पिवळे कनेक्टर, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीच्या केशरी केबल, सस्पेंशनची दाबलेली स्प्रिंग, एसीचा गॅस, गरम रेडिएटरचं झाकण, यांना हौशी माणसानं हात लावायचा नाही. सीएनजी किटला तर मुळीच नाही, त्या सिलेंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं तपासणी, सक्तीची आहे ती उगाच नाही. ब्रेकचं हायड्रॉलिक काम ज्यानं कुणाच्या तरी देखरेखीखाली शिकलंय त्यानंच करावं, ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, लाइनमध्ये हवा राहिली तर पेडल नुसतं आत जातं, आणि तिथे चूक झाली तर भोगणारा रस्त्यावरचा दुसराच कुणीतरी असतो. ही सीमारेषा कुठे आहे हेही माणसाला त्याच सर्व्हिस मॅन्युअलमधून कळतं, इशारे त्यातच तर छापलेले असतात.

आणखी एक प्रश्न जुन्या ऑइलचा, आणि यावर हौशी मंडळींमध्येच पुरेसं बोललं जात नाही. वापरलेलं इंजिन ऑइल हा कायद्यानं घातक कचरा आहे. ते गटारात ओतणं, सोसायटीच्या झाडाच्या बुंध्याशी ओतणं, हे पाप आहे, दुसरा शब्द नाही त्याला. ते कॅनमध्ये गाळून भरून ठेवायचं आणि जे गॅरेज आपलं ऑइल अधिकृत रीसायकलरला देतं त्याला नेऊन द्यायचं. पण एकट्या-दुकट्या माणसाकडून तीन लिटर ऑइल घ्यायला गॅरेजवाले कटकट करतात, आणि महापालिकेकडे त्याची घरोघर सोय नाही. ओला-सुका-ई-कचरा एवढ्यावर आपली यंत्रणा थांबते. प्रत्येक वॉर्ड ऑफिसात वापरलेलं ऑइल आणि कूलंट घ्यायचा एक पिंप ठेवणं ही काही अवघड मागणी नाही, ती आपण नगरसेवकाकडे करायला हवी, आणि गटारात ओतणाऱ्यावर दंडही हवा. दोन्ही एकदम.

सोसायट्यांचंही बोललं पाहिजे. पार्किंगमध्ये काम करू नका असा ठराव कितीतरी सोसायट्यांत असतो, कारण काय तर फरशीला डाग पडतात आणि बरं दिसत नाही. डागाची तक्रार बरोबर आहे, खाली पुठ्ठा आणि ट्रे ठेवायची अट घाला, रात्री ठोकाठोक नको अशी अट घाला, काम त्याच दिवशी संपवायची अट घाला. पण 'बरं दिसत नाही' हे कारण मला मान्य नाही. वडील-मुलगी मिळून रविवारी सकाळी गाडीचा फिल्टर बदलतायत याच्यात बरं न दिसण्यासारखं काय आहे? ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या नखात ग्रीस दिसलं की लोकांना कसंसंच होतं, यात आपल्या समाजाची जुनी खोड आहे, हातानं काम करणारा खालचा आणि कागदावर सही करणारा वरचा. तिसरा न विचारलेला प्रश्न हाच होता आणि त्याला माझं उत्तर हेच आहे, की हात काळे होतात म्हणून माणूस छोटा होत नाही, आणि पोरांना, विशेषतः पोरींना, हे लहानपणी दिसलं तर फारच चांगलं.

आणि कुठल्या राज्यात हे सांगायची वेळ यावी? पिंपरीत टाटा, चाकणला महिंद्रा, मर्सिडीज, फोक्सवॅगन, आकुर्डी-वाळूजला बजाज, नाशकात महिंद्रा आणि बॉश, ज्याला नाशिककर अजून मायकोच म्हणतात, कोल्हापूरच्या फाउंड्र्या, भोसरीतली हजारो छोटी वर्कशॉप. आपल्यातल्या किती घरांत कुणीतरी एकजण कुठल्या ना कुठल्या गाडीचा पार्ट बनवतो. जो माणूस आठ तास सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, मायक्रॉनमध्ये ब्रेकचा पार्ट घासतो त्याला तोच पार्ट स्वतःच्या गाडीला लावायची माहिती मिळू नये, आणि त्यानं तोच पार्ट कंपनीच्या डबीत घातलेला, कितीतरी जास्त किमतीला विकत घ्यावा, हे मला पटत नाही. सीसीआयच्या चौकशीतही किमतीचा मुद्दा आला होताच.

काहीजण म्हणतात की सगळे घरी करायला लागले तर गल्लीतल्या मेकॅनिकच्या पोटावर पाय येईल. मला उलट वाटतं. जो माणूस घरी फिल्टर बदलतो तोच क्लचच्या कामासाठी नाक्यावरच्या उस्तादाकडे जातो, कारण त्याला कामाची किंमत कळते, तो घासाघीस कमी करतो आणि चांगलं काम ओळखतो. नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानात जाऊन उभे राहा, तिथे हौशी माणूस आणि मेकॅनिक एकाच काउंटरवर एकच पार्ट मागत असतात. आणि ज्या दाराशी मी अडलोय त्याच दाराशी तो मेकॅनिकही अडलाय. त्याला तर जास्त झळ बसते, माझा रविवार जातो, त्याचं गिऱ्हाईक जातं. बीएस-सिक्स गाडी आली की 'साहेब हिला कंपनीतच न्या' असं म्हणायची वेळ त्याच्यावर येते, वीस-पंचवीस वर्षं इंजिन खोलणाऱ्या माणसावर. हौशी मालक आणि गल्लीतलं गॅरेज एकाच बाजूला आहेत, हे दोघांनीही ओळखलं पाहिजे आणि मागणी एकत्र केली पाहिजे.

शिकायचं कुठे हा प्रश्न उरतो, कारण मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकण्याला मर्यादा आहेत, समोरच्या व्हिडिओतली गाडी बऱ्याचदा आपली नसतेच. जर्मनीत तासाच्या भाड्यानं लिफ्ट आणि टूल मिळणारी वर्कशॉप असतात, गाडी न्यायची, लिफ्टवर चढवायची, अडलं तर तिथला जाणकार मदत करतो. आपल्याकडे अशी जागा नव्यानं बांधायचीही गरज नाही, आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात आयटीआय आहेत, मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, शेड आहे, गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा म्हणजे पिट आहे, शिकवणारे निदेशक आहेत, आणि रविवारी ते सगळं कुलपात असतं. रविवारी सकाळी चार तास, माफक फी घेऊन, निदेशकाला मानधन देऊन, गाडीवाल्यांना तिथे स्वतःची गाडी स्वतः करू द्या. आयटीआयच्या मुलांना वेगवेगळ्या चालू गाड्या बघायला मिळतील, मालक जॅकऐवजी पक्क्या पिटमध्ये काम करेल, आणि जुनं ऑइल एकाच पिंपात जमा होईल. औंध, मुलुंड, सातपूर, कुठूनही सुरुवात करा.

हे सगळं आत्ताच करायला हवं कारण इलेक्ट्रिक गाड्या येतायत. तिच्यात ऑइल नाही, प्लग नाही, म्हणून लोकांना वाटतं घरी करायला काही उरणारच नाही. उरतं की. केबिन फिल्टर आहे, ब्रेक आहेत, सस्पेंशन आहे, कूलंट आहे, बारा व्होल्टची साधी बॅटरीसुद्धा बहुतेक गाड्यांत आहे. हाय व्होल्टेजला मी हात लावणार नाही, ते वर म्हटलंच, पण माझ्या बॅटरी पॅकची तब्येत किती टक्के राहिलीये, कुठला मॉड्यूल कमजोर झालाय, हा आकडा बघायचा तर हक्क माझा आहे ना? जुनी इलेक्ट्रिक गाडी विकत घेणाऱ्याला तर त्याशिवाय किंमतच ठरवता येणार नाही. आणि सॉफ्टवेअर जितकं वाढेल तितकी कुलपं वाढतील, एकदा दहा वर्षं ही सवय पडली की मग काढणं कठीण.

म्हणून खासदारांना पत्र लिहिताना, ग्राहक पंचायतीत विषय मांडताना, मागणी मोघम ठेवू नका. प्रत्येक मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आणि वायरिंग डायग्रॅम वाजवी पैशात कुठल्याही मालकाला आणि गॅरेजला मिळालं पाहिजे, ते मॉडेल बनवणं बंद झाल्यानंतरही ठरावीक वर्षं. तपासणीचं सॉफ्टवेअर तासावर भाड्यानं मिळालं पाहिजे. वॉरंटी फक्त सिद्ध झालेल्या नुकसानापुरतीच नाकारता येईल, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची, माझी नाही. आणि ते मॅन्युअल फक्त इंग्रजीत नको. धाराशिवच्या नाक्यावर ज्या पोराच्या हातात उद्या ही बीएस-सिक्स गाडी येणार आहे तो मराठी वाचतो, टॉर्कचा आकडा आणि एअरबॅगचा इशारा त्याला त्याच्या भाषेत वाचता आला पाहिजे.